जिवंत लेकीचं सुतक

मुरुड,
१२ जानेवारी २०२५

चि. तिर्झास,

शालोम. हे पत्र तुझ्या आईचं आहे. माझं अक्षर पाहून न उघडताच फाडशील, म्हणून पाकिटावरचा पत्ता शेजारच्या महेरुन्निसाभाभीकडून लिहून घेतला आहे.

कळवायचं ते असं की तुझे पपा गेल्या सप्टेंबरात, अकरा तारखेला, वारले. अलिबागच्या दवाखान्यात नऊ दिवस होते. छातीत पाणी झालं होतं. दफन इथंच, आपल्या कबरस्तानात झालं. आळीत आता आपल्यातली तीनच घरं उरली आहेत, त्यामुळे प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवायला रेवदंड्याहून आणि अलिबागहून गाडी करावी लागली. तुला तेव्हा कळवलं नाही, कारण पत्ता नव्हता. परवा त्यांचं प्रार्थनेचं पुस्तक पुसायला घेतलं, त्यात एक चिठ्ठी निघाली. तिच्यावर तुझं नाव आणि माणगावचा पत्ता होता. त्यांच्याकडे तो कुठून आला, मला ठाऊक नाही.

दुसरं म्हणजे, तुझा भाऊ नाथान मला त्याच्याकडे, परदेशात अश्दोदला न्यायचं म्हणतो. पेसाहचा सण झाला की, एप्रिलअखेरीस. मी एकाहत्तर वर्षांची आहे, इथं एकटीनं राहू नये असं त्याचं म्हणणं. घर बंद करायचं आणि सिनेगॉगची चावी अलिबागच्या मंडळींकडे द्यायची. तुझ्या काही वस्तू माळ्यावर आहेत. शिवणाचं मशीन आहे, शाळेत मिळालेली वक्तृत्वाची ढाल आहे. हवं असेल तर कुणाला तरी पाठव.

शेवटच्या दिवसांत पपांनी तुझं नाव काढलं नाही. तुला वाईट वाटेल, पण खोटं कशाला लिहू. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी जे ठरवलं, ते शेवटपर्यंत पाळलं.

प्रकृतीस जप.

आई


मुरुड,
९ फेब्रुवारी २०२५

चि. तिर्झास,

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. मग मी हे दुसरं पत्र का लिहिते आहे, तर पहिलं टाकल्यापासून मला जेवण जात नाही.

पपांनी ठरवलं, असं मी लिहिलं. तसं नव्हतं.

तू आणि हर्षदनं माणगावला नोंदणी करून लग्न केलंत, तो फोन आमच्या आरोग्य केंद्रावर आला. मी एका बाळंतिणीपाशी होते. तिचं आटोपून घरी आले. पपा मागल्या दारी नारळ सोलत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी कोयता बाजूला ठेवला आणि विचारलं, "मुलगा कसा आहे?"

मी म्हटलं, "मुलगा कसा आहे काय विचारता? आपली मुलगी मेली."

चोळीची किनार मी फाडली. आरशावर चादर मी टाकली. चटई मी अंथरली आणि त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. आळीतली मंडळी उकडलेली अंडी घेऊन आली, मयताच्या घरी आणतात तशी. मी खाल्ली. पपांनी अंड्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, सिनेगॉगमध्ये दिवा लावायला गेले आणि परत आले ते ओटीवर बसले, चटईवर नाही. उरलेले दिवस मी एकटी बसले. जिवंत लेकीचं सुतक मी सात दिवस धरलं.

पुढे अख्ख्या मुरुडात झालं की सॅम्युएलनं मुलीला मेली म्हटलं. मी होऊ दिलं. बापानं केलं म्हटलं की लोक गप्प बसतात. आईनं केलं म्हटलं असतं तर विचारलं असतं, ही कसली आई. पपांनी कुणाला खुलासा केला नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही.

आता २००९ चं. तुझी आजी पुरीमला होळीचा सणच म्हणायची, दोन्ही एकाच सुमाराला येतात म्हणून. त्या वर्षी पुरीमच्या दुपारी तू फाटकाशी आलीस. कडेवर बाळ होतं, हातात फडक्यात बांधलेलं ताट होतं. पुरीमला आपल्या माणसांच्या घरी ताट पोचवायचं, ते तू विसरली नव्हतीस. मी खिडकीच्या पडद्याआड होते. पपा सिनेगॉगमध्ये होते. मी मागल्या दारानं महेरुन्निसाभाभीला गाठलं आणि तिला सांगायला लावलं की घरची माणसं मुंबईला गेली आहेत.

ती गेली. तुझं बाळ तिनं हातात घेतलं, त्याची दृष्ट काढली, ताट ठेवून घेतलं. तू निघून गेल्यावर माझ्यापुढे ताट ठेवून म्हणाली, "बीबी, तुमच्यासाठी आज मी झूठ बोलले. अल्ला मला माफ करो. पुन्हा मला सांगू नका." वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही.

पुरणपोळ्या मी विहिरीच्या कठड्यावर ठेवल्या. कावळ्यांनी नेल्या. पपांना यातलं काही कळू दिलं नाही.

तेव्हा मी महिन्याला दहा-बारा बाळंतपणं करत होते. कोळीवाड्यातल्या, डोंगरावरच्या वाड्यांतल्या पोरी माझ्या हाताला धरून ओरडल्या आहेत. तुझ्या वेळी कोण होतं, हे मी आजतागायत कुणाला विचारलेलं नाही.

आई


मुरुड,
४ मार्च २०२५

तिर्झा,

अजून एक राहिलं आहे. ते लिहिल्याशिवाय मला विमानात बसता यायचं नाही.

पपांनी तुझं नाव काढलं नाही हे खोटं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी, मी त्यांचं तोंड पुसत असताना ते म्हणाले, "मिलका, तिर्झाला कळव." मी हो म्हटलं. मी रोज आठच्या गाडीनं मुरुडला यायची, आंघोळ उरकून, पेज घेऊन, संध्याकाळपर्यंत परत जायची. तीन दिवसांनी त्यांनी विचारलं, कळवलंस का. मी म्हटलं, कळवलं, ती येत नाही म्हणाली.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड केलं.

त्याच्या दोन दिवसांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. नवव्या दिवशी ते गेले.

का केलं, हे मी स्वतःला विचारलं आहे. तू आली असतीस तर सात दिवस कुणी धरले, ते त्यांच्या तोंडून निघालं असतं. फाटकाशी आलेलं तुझ्या तोंडून निघालं असतं. मरणाऱ्या माणसापुढे मला उघडं पडायचं नव्हतं. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. तुझ्या लग्नाचा राग तर केव्हाच विझला होता. लाज तेवढी उरली होती. तुझ्या बापानं तुला कधीच टाकलं नव्हतं. लेकीनं आपल्याला टाकलं असं समजायला लावून मी त्याला पाठवलं.

चौदा मार्चला पुरीम आहे. सकाळी दहाला सिनेगॉग उघडणार आहे. एस्तेरच्या पुस्तकाचं इथलं हे शेवटचं वाचन. ये. मी तुला बोलावते आहे. न येण्याचा तुला पूर्ण हक्क आहे.

आई


मुरुड,
१६ मार्च २०२५

तिर्झा,

शुक्रवारी इथं काय झालं, ते साक्षीनं तुला सांगितलंच असेल. माझ्या बाजूचं मी लिहिते.

गुरुवारी मी पुरीमच्या आदल्या दिवसाचा एस्तेरचा उपास धरला. नाथान फोनवर चिडला, साखर आहे तुला, काही झालं तर तिथं कोण आहे. तरी धरला. शुक्रवारी धुळवड होती. आळीच्या तोंडाशी पोरं रंगाची पिंपं भरून उभी होती, पण माझ्या पांढऱ्या साडीकडे पाहून त्यांनी वाट दिली. सिनेगॉगचं दार पावसाळ्यात फुगलेलं, खांदा लावून उघडलं. रेवदंड्याहून रिबकाबाई आल्या, सुनेला घेऊन. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, काठी घेऊन चालतात. प्रार्थना चालवणाऱ्या अलिबागच्या हज्जानना तिथलंच वाचन होतं. इथले दोघे पुरुष, एक अंथरुणाला खिळलेला, एक मुंबईला लेकाकडे. म्हणजे आम्ही तीन बायका.

रिबकाबाई सवयीनं जिन्याकडे वळल्या, बायकांच्या माडीवर जायला. वर जाऊन ऐकणार काय, खाली वाचणारं कुणी नव्हतं. आम्ही पुरुषांच्या बाकांवर बसलो. एकाहत्तर वर्षांत मी त्या बाकावर पहिल्यांदा बसले. हिब्रू आम्हा तिघींना येत नाही, म्हणून मी मराठीतूनच वाचायला घेतलं.

एस्तेरची गोष्ट मला पाठ आहे असं मला वाटायचं. आईबापावेगळी यहुदी पोर, राजाच्या घरी गेली, आपण कोणाच्या ते तिनं लपवलं, मग राजाच्या प्रधानानं, हामाननं, आपल्या सगळ्या लोकांना मारायचा घाट घातला तेव्हा जिवावर उदार होऊन सांगितलं. दरवर्षी माडीवरून हामानच्या नावाला पाय आपटायचे, एवढंच माझं लक्ष. या वेळी प्रत्येक शब्द माझ्याच तोंडून जात होता. राजा आपल्यातला नव्हता. तिनं परक्याच्या घरी संसार केला. आणि जिथं लिहिलं आहे की तिला वाढवणारा मर्दखय रोज राणीवशाच्या अंगणापुढून फेऱ्या घालायचा, एस्तेर कशी आहे, तिचं काय चाललं आहे ते कळावं म्हणून, तिथं माझं वाचन अडलं. रोज, असं लिहिलं आहे. त्यानं कुठं चटई अंथरली नाही.

रिबकाबाई म्हणाल्या, "काय गं मिलका, चष्मा देऊ का माझा?"

तेवढ्यात दारात मुलगी उभी राहिली. गालाला हिरवा रंग लागलेला. चपला बाहेर काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "मी साक्षी. माणगावहून आले."

तिच्या हनुवटीला माझ्या सासूबाईंची खळी आहे. हे तुला ठाऊक असेल. मला आता ठाऊक झालं.

ती माझ्याशेजारी बसली नाही, पपांच्या जागेवर जाऊन बसली. त्यांचं जुनं हिब्रू पुस्तक तिथंच होतं. तिनं ते उजवीकडून उघडलं. मला वाटलं, पोर चुकून उलटं उघडते आहे. तिनं विचारलं, "सुरुवातीचा आशीर्वाद म्हटला का तुम्ही?" मी नाही म्हटलं. मग तिनं अक्षराखाली बोट धरून, अडखळत, बारूख अत्तापासून शेवटपर्यंत म्हटला. 'अत्ता'नंतर किंचित थांबत होती. पपा थांबायचे तसं. रिबकाबाई आमेन म्हणाल्या. 

मी विचारलं, "कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायचे. मी पहिलीत होते तेव्हापासून."

तिर्झा, पहिल्या मंगळवारी ते दिव्याचं तेल आणायला अलिबागला जात असत. दहा वर्षं मी त्यांना डबा भरून दिला. तेल ते खरोखर आणायचे. त्या तेलाच्या डब्यावर माणगावच्या दुकानाचं नाव असायचं. डबा मी आठवड्याला पुसत होते.

मग तिनं दवाखान्यातलं सांगितलं. पपांनी वॉर्डातल्या मावशीच्या फोनवरून तुला बोलावलं. मी मुरुडला गेलेली असायची तेव्हा तू दोनदा येऊन गेलीस. मी त्यांना म्हटलं, ती येत नाही म्हणाली, त्याच दुपारी तू त्यांना भात भरवून गेली होतीस.

मी विचारलं, "म्हणजे त्यांना कळलं होतं?"

साक्षी म्हणाली, "हो. आईला म्हणाले, तुझी आई स्वतः बोलावेल तेव्हा जा. त्याआधी गेलीस तर पुन्हा फाटकाबाहेर राहशील."

पुन्हा, असं म्हणाले. म्हणजे २००९ चंही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला दोनदा विचारलं, ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. मी खरं बोलावं म्हणून. दोन्ही वेळा मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले आणि त्यांनी मला काही म्हटलं नाही. मी त्यांना फसवून पाठवलं, या दुःखाची मला सवय झाली होती. त्यांनी सगळं ओळखून माझ्या हातचं पाणी घेतलं, हे आता कुठं ठेवू ते कळत नाही.

साक्षीनं दफनाच्या दिवसाचंही सांगितलं. सुरूच्या झाडांपलीकडे रस्त्यावर तुम्ही दोघी उभ्या होतात. आणि तिनं हेही सांगितलं की माझं पहिलं पत्र वाचून तू कपाटात टाकलंस, दुसऱ्याला हात लावला नाहीस, आणि तिसरं आल्यावर दोन्ही पुन्हा काढलीस.

मी विचारलं, आई आली नाही का. ती म्हणाली, "स्टँडवर बसली आहे. तिथपर्यंत आली. पुढे येववेना तिला."

मी उठले. स्टँड काही लांब नाही. साक्षीनं माझं मनगट धरलं. "आजी, नको. ती म्हणाली, तुम्ही आलात तर ती मिळेल त्या गाडीनं निघून जाईल."

मी बसले. तुझं म्हणणं मी ऐकलं, अशी ही पहिलीच वेळ असेल.

उरलेलं वाचन आम्ही पुरं केलं. हामानच्या नावाला रिबकाबाईंनी काठी आपटली, साक्षी हसली. पपा सांगायचे की एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते पवित्र आहे. मला ते कधी पटलं नव्हतं. पपा गेल्यापासून मी प्रार्थना म्हटली नव्हती. देवासमोर उभं राहायला तोंड नव्हतं. शुक्रवारी म्हटली. काही मागितलं नाही. मी इथं आहे, एवढंच म्हटलं.

साक्षीबरोबर पुरणपोळ्या दिल्या. तीन होत्या. तू खाल्ल्यास का, ते विचारणार नाही. तुम्ही किती वाजता निघालात, तेही मला कळलं नाही. मी ओटीवर दिवेलागणीपर्यंत बसून होते. शब्बाथचा दिवा लावायची वेळ झाली, मग उठले.

आई


मुरुड,
३० मार्च २०२५

तिर्झा,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी. पपांच्या वर्षाला सप्टेंबरात येईन. हर्षद आणि साक्षीही येतील. जेवायला थांबणार नाही.

तिन्ही ओळी मला मान्य आहेत. जेवायचा आग्रह मी करणार नाही. हर्षदशी काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. माफी मागायला त्याची आणि माझी ओळखसुद्धा नाही. तो आला की आधी त्याला नाव विचारीन, त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचारीन, तुझ्या पपांनी पहिल्या दिवशी मला विचारलं तसं. तो बोलला नाही तरी चालेल.

तू मला क्षमा केलेली नाहीस, हे कार्डावरून कळतं. घाईनं करूही नकोस. माझ्याकडून तिची किंमत पुरी वसूल झाल्यासारखी वाटेल तेव्हा बघ, आणि नाही वाटली तर नाही.

काल नाथानला फोनवर सांगितलं, तिकीट काढू नकोस. त्याला राग आला. तिथं उन्हाळा, एकटी, आळीत माणूस नाही, सिनेगॉगला कुलूप, कशाला राहतेस म्हणाला. मी म्हटलं, सप्टेंबरात घरी माणसं यायची आहेत. कोण, म्हणाला.  

मी म्हटलं, "माझी मुलगी येणार आहे. जावई आणि नात येणार आहेत."

 तू गेलीस तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. या घरात तुझं नाव घ्यायचं नाही असं मी त्याला बजावलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यानं ते एकदाही घेतलं नव्हतं. मला वाटलं, तो म्हणेल, इतक्या वर्षांनी आता हे काय.

त्यानं विचारलं, "आई, ताई अजून शाळेत शिकवते का?"

मला ठाऊक नव्हतं. मी साक्षीला विचारलं नाही, इतकं विचारायचं होतं त्या दिवशी. ठाऊक नाही, असं मी त्याला सांगितलं. तो रडायला लागला. चाळीस वर्षांचा होत आला आहे, दोन मुलांचा बाप आहे. फोन त्याच्या बायकोनं घेतला.

तू अजून शाळेत शिकवतेस का, तेवढं कळव. मला लिहू नयेसं वाटलं तर त्याला कळव. त्याचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे. तिथं आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, तो संध्याकाळी सहानंतर घरी असतो.

आई